फसवणुकीच्या भरपाईवर सरकारचा वाटा कशासाठी?

ब्रिटनमध्ये पुन्हा एकदा कर्जदारांना पैसे परत मिळण्याचे दिवस आले आहेत. या खेपेला प्रकरण मोटारींच्या कर्जाचं आहे. गाडी विकणारा डीलरच गिऱ्हाइकाला कर्जही मिळवून द्यायचा, त्याबद्दल वित्तसंस्था त्याला दलाली द्यायची आणि गिऱ्हाइकाला त्याचा पत्ता नसायचा. १ ऑगस्ट २०२५ रोजी इथल्या सर्वोच्च न्यायालयाने या वादावर निकाल दिला. बहुतेक मुद्द्यांवर वित्तसंस्थांची सरशी झाली, पण एका कर्जदाराच्या बाबतीत मात्र व्यवहार अन्यायाचा होता असं न्यायालयाने ठरवलं. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये एफसीए या वित्तीय नियामक संस्थेने एप्रिल २००७ ते नोव्हेंबर २०२४ या काळातल्या करारांसाठी भरपाईची योजना मांडली. भरपाई म्हटली की तिच्यात व्याज येतं आणि व्याज आलं की पाठोपाठ प्राप्तिकर खातं येतं. त्या खात्याने आपला वाटा कसा घ्यावा, किंबहुना घ्यावाच का, हे पहिला धनादेश निघण्याआधी ठरायला हवं. मागच्या प्रकरणात ते ठरलं नाही आणि त्याची किंमत ज्यांना सर्वांत कमी परवडणारी होती त्यांनीच मोजली.

मागचं प्रकरण म्हणजे पीपीआय, अर्थात पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स. उत्तर-पश्चिम लंडनमध्ये माझं हिशेबाचं छोटं ऑफिस आहे. खाली किराणा आणि वर मी, असा बरीच वर्षं कारभार चालला आहे. गुजराती दुकानदार, तमीळ टॅक्सीवाले, रुग्णालयात काम करणाऱ्या मराठी आणि मल्याळी बायका हे माझे अशील. गणपतीत डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गेलो की प्रसाद हातात पडायच्या आधी कुणी तरी पिशवीतून बँकेचं पत्र काढतं. पीपीआयच्या दिवसांत त्या पत्रांचा नुसता पाऊस पडला होता. त्यामुळे या विषयावर माझं मत पुस्तकातून बनलेलं नाही, ते त्या पत्रांमधून बनलं आहे.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कर्ज, क्रेडिट कार्ड किंवा घरासाठीचं तारणकर्ज घेताना त्याला जोडून हा विमा विकला जायचा. आजारी पडलात, अपघात झाला, नोकरी गेली तर काही महिन्यांचे हप्ते विमा कंपनी भरेल, असं त्याचं स्वरूप होतं. कल्पना वाईट नव्हती, पण विक्री वाईट होती. ज्याचा स्वतःचा धंदा आहे त्याला नोकरी जाण्याचा विमा, निवृत्त माणसाला बेकारीचा विमा, ज्याला जुनं दुखणं आहे त्याला ते दुखणं वगळून आजारपणाचा विमा, असा सगळा मामला. अनेकांना तर आपण विमा घेतला आहे हेच माहीत नव्हतं, कारण अर्जातल्या चौकटीत खूण आधीच केलेली असायची. विमा घेतला नाही तर कर्ज मंजूर होणं कठीण, असंही हळूच सुचवलं जायचं. सगळ्यात वाईट प्रकार एकरकमी प्रीमियमचा. पाच वर्षांचा प्रीमियम पहिल्याच दिवशी कर्जात मिळवायचा आणि त्यावरही कर्जाच्या दराने व्याज लावायचं.

१९९० ते २०१० या दोन दशकांत मुख्यतः विकल्या गेलेल्या अशा पॉलिसींची संख्या सुमारे ६ कोटी ४० लाख होती. सप्टेंबर २००५ मध्ये सिटिझन्स ॲडव्हाइस या नागरिकांना सल्ला देणाऱ्या संस्थेने सरकारी यंत्रणेकडे रीतसर तक्रार केली. बँका शेवटपर्यंत लढल्या. एप्रिल २०११ मध्ये त्या हायकोर्टात हरल्या आणि मग तिजोऱ्या उघडल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्लेव्हिन खटल्याचा निकाल दिला. त्यातले आकडे आजही माझ्या डोक्यात बसलेले आहेत. ३४,००० पौंडांचं कर्ज, त्यावर ५,७८० पौंडांचा विमा आणि त्यातले विमा कंपनीकडे प्रत्यक्ष पोचलेले पैसे १,६३० पौंड. उरलेले ७१.८ टक्के दलालीत गेले. तक्रार करायची शेवटची तारीख २९ ऑगस्ट २०१९ ठरली. लोकांनी ती विसरू नये म्हणून नियामक संस्थेने अर्नोल्ड श्वार्झनेगरचं रणगाड्याच्या पट्ट्यांवर फिरणारं यांत्रिक मुंडकं जाहिरातीत आणलं होतं. एकूण भरपाई ३८ अब्ज पौंडांच्या वर गेली.

तक्रार करा, हे सांगायला एवढा खर्च झाला. भरपाईतून कापलेला कर परत मागा, हे सांगायला मात्र कुणी हॉलिवूडचा नट आणला नाही.

आता मुख्य प्रश्न. या भरपाईवर कर लागतो का? माझ्या ऑफिसात आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने हा प्रश्न एकाच वाक्यात विचारला. त्याचं उत्तर मात्र तीन तुकड्यांत द्यावं लागतं, कारण बँकेच्या पत्रात रक्कमच तीन ओळींत लिहिलेली असते. पहिल्या ओळीत तुम्ही भरलेला प्रीमियम असतो. तो तुमचाच पैसा आहे, त्यावर कर नाही. दुसऱ्या ओळीत त्या प्रीमियमवर बँकेने लावलेलं कर्जाचं व्याज असतं. तेही तुमच्याच खिशातून गेलेलं, त्यामुळे त्यावरही कर नाही. याला अपवाद आहे तो धंदेवाल्यांचा. कर्ज धंद्यासाठी होतं आणि प्रीमियम खर्चात दाखवून त्या वेळी कर वाचवला होता, तर परत आलेली रक्कम धंद्याच्या उत्पन्नात धरावी लागते. ते रास्तच आहे. तिसऱ्या ओळीत असतं ८ टक्के साधं व्याज, इतकी वर्षं तुम्ही या पैशाला मुकलात त्याबद्दलचं. ८ टक्के हा दर न्यायालयाच्या हुकुमाप्रमाणे येणं असलेल्या रकमांसाठी १९९३ पासून ठरलेला आहे, तोच इथे वापरला गेला. या तिसऱ्या ओळीवर कर आहे. बँक त्यातून २० टक्के आधीच कापते, एचएमआरसी म्हणजे इथल्या प्राप्तिकर खात्याकडे भरते आणि उरलेलं तुमच्या हातात ठेवते.

एका नर्सताईंचं उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि आकडे सोयीसाठी गोल केले आहेत. ताई मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकल्या आणि इथे आयुष्यभर सरकारी रुग्णालयात नोकरी केली. २००३ मध्ये भावाच्या घरासाठी गावी पैसे पाठवायचे म्हणून त्यांनी कर्ज घेतलं. काउंटरवरच्या मुलीने विम्याचा कागद पुढे केला आणि त्यांनी सही केली. सरकारी आरोग्यसेवेत पाच वर्षं झालेल्या माणसाला आजारपणात सहा महिने पूर्ण आणि पुढचे सहा महिने अर्धा पगार मिळतो. ताईंना त्या विम्याची गरजच नव्हती. पण हे विचारणं मुलीचं काम नव्हतं आणि ताईंना सुचलं नाही.

२०१८ मध्ये त्यांना बँकेचं पत्र आलं. प्रीमियम आणि त्यावरचं व्याज मिळून २,००० पौंड. त्यावर सरासरी बारा वर्षांचं ८ टक्क्यांनी साधं व्याज १,९२० पौंड. वजा कर ३८४. हातात आले ३,५३६ पौंड. ताईंनी पत्रावर बोट ठेवून विचारलं, "भाऊ, पैसे माझे, फसवलं त्यांनी. मग हे तीनशे चौऱ्याऐंशी मधल्या मध्ये कुणाचे?"

मी म्हटलं, "ताई, सध्या सरकारचे. पण ते परत मागता येतात."

"मग कापले कशाला?"

याला माझ्याकडे कायद्याचं उत्तर होतं, पण ताईंच्या गळी उतरेल असं उत्तर नव्हतं.

कायद्याचं उत्तर असं. ताई तोवर निवृत्त झाल्या होत्या. दोन्ही पेन्शन मिळून वर्षाला १०,८०० पौंड यायचे. त्या वर्षी ११,८५० पौंडांपर्यंत उत्पन्न करमुक्त होतं. शिवाय ज्यांचं बाकी उत्पन्न कमी आहे त्यांच्यासाठी ५,००० पौंडांपर्यंतच्या व्याजावर शून्य टक्के दर असतो. त्याखेरीज एप्रिल २०१६ पासून साध्या दराने कर भरणाऱ्याला १,००० पौंडांपर्यंतचं व्याज करमुक्त आहे. म्हणजे ताई सरकारला एक पेनीसुद्धा देणं लागत नव्हत्या. तरी त्यांचे ३८४ पौंड आधी कापले गेले.

हाच हिशेब दुसऱ्यांना लावून पाहा. तोच विमा, तेवढेच पैसे, तीच फसवणूक, पण माणूस नोकरीत आहे आणि साध्या दराच्या टप्प्यात आहे. त्याला दुसरं काही व्याज मिळत नाही असं धरलं तर १,९२० मधले १,००० सुटतात, ९२० वर २० टक्क्यांनी कर होतो १८४ पौंड आणि २०० पौंड परत मिळतात. तिसरा माणूस ४० टक्क्यांच्या टप्प्यात आहे. त्याला ५०० पौंडांचीच सूट आहे. त्याचा कर ५६८ पौंड होतो. बँकेने ३८४ कापले, म्हणून आणखी १८४ त्याने आपणहून भरायचे. बऱ्याच जणांना हे ठाऊकच नसतं. बँकेने कर कापला म्हणजे विषय संपला, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते.

आता सरकारची बाजूही नीट ऐकून घेऊ, कारण ती पोकळ नाही. सरकार म्हणतं, हे पैसे तुमच्याकडे असते तर तुम्ही ते बँकेत ठेवले असते, त्यावर व्याज मिळालं असतं आणि त्या व्याजावर तुम्ही कर भरलाच असता. आता तेच व्याज उशिरा मिळतं आहे, तर कर उशिरा भरा. फसवणूक बँकेने केली, सरकारने नव्हे. शिवाय २००९ पासून पुढे बरीच वर्षं बँकेत अर्धा-एक टक्का व्याज मिळायची मारामार होती, त्या काळासाठी तुम्हाला ८ टक्के मिळाले. तेव्हा कुरकूर कशाला?

या युक्तिवादातला पहिलाच शब्द चुकतो. 'बँकेत ठेवले असते' म्हणजे कोणी? हा विमा विकला गेला तो कर्जदारांना. ज्याच्या गाठीशी शिल्लक असते तो सहसा पाच वर्षांचं वैयक्तिक कर्ज काढत नाही. ताईंकडे ते दोन हजार पौंड राहिले असते तर त्यांनी मुदत ठेव केली नसती. त्यांनी कर्ज लवकर फेडलं असतं, किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी भरली असती. त्या कार्डावर १८-२० टक्क्यांनी व्याज चढतं. ते व्याज वाचलं असतं आणि वाचलेल्या व्याजावर जगात कुठलंही सरकार कर लावत नाही. म्हणजे या माणसांचं खरं नुकसान ८ टक्क्यांहून मोठं होतं आणि ते झालं नसतं तर त्यावर एक पैसाही कर लागला नसता. त्यांच्या भरपाईला बचत खात्याच्या व्याजाचा साचा लावणं म्हणजे जो माणूस अस्तित्वातच नव्हता त्याच्यावर कर बसवणं आहे.

दुसरी चूक वर्षांची. ताईंचं व्याज बारा वर्षांचं होतं, दर वर्षी १६० पौंड. कर मात्र मिळालेल्या एकाच वर्षी लागला. मागच्या वर्षांच्या न वापरलेल्या सवलती मागे जाऊन वापरता येत नाहीत. ताईंना त्याचा फटका बसला नाही, कारण त्यांचं उत्पन्नच कमी होतं. पण नोकरीत असलेल्या माणसाला, विशेषतः भरपाईची रक्कम मोठी असेल त्याला, बारा वर्षांचं ओझं एका वर्षाच्या खांद्यावर घ्यावं लागलं. उशीर केला बँकेने, भुर्दंड पडला कर्जदाराला.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. एप्रिल २०१६ पासून बँकांनी साध्या बचत खात्यावरच्या व्याजातून कर कापणं बंद केलं. कारण सरळ होतं. १,००० पौंडांच्या सवलतीमुळे बहुतेकांना त्या व्याजावर कर लागणारच नव्हता, मग आधी कापा आणि नंतर परत द्या हा उपद्व्याप कशाला? भरपाईतल्या व्याजाला मात्र हे शहाणपण लागू झालं नाही, तिथली कपात तशीच चालू राहिली. म्हणजे ज्याच्याकडे ठेवी आहेत त्याचं व्याज पूर्ण हातात येतं आणि ज्याची फसवणूक झाली त्याचं २० टक्के कापून येतं. बचत खात्याचं व्याज म्हणून कर लावायचा आणि बचत खात्याची वागणूक द्यायची नाही, हा कुठला न्याय?

कापलेला कर परत मागायचा तर आर-४० नावाचा फॉर्म भरावा लागतो. त्यात निव्वळ रक्कम, कापलेला कर आणि एकूण रक्कम अशा तीन चौकटी असतात. वरकरणी सोपं वाटतं. पण अनेक पत्रांत तिन्ही आकडे वेगवेगळे दिलेलेच नव्हते. मग बँकेकडे कर कापल्याचा दाखला मागा, तो महिन्याने येईल, कधी जुन्या पत्त्यावर जाईल. मुदत चार वर्षांची. २०१९-२० या करवर्षात ज्यांना पैसे मिळाले त्यांची मुदत ५ एप्रिल २०२४ ला संपली. माझ्या ऑफिसात त्या तारखेनंतरही लोक पत्रं घेऊन आले. त्यांना बसवून चहा देण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं.

आणि जिथे लोकांना वाट सापडत नाही तिथे वाटाडे उगवतात. पीपीआयची तक्रार करून देणाऱ्या कंपन्यांनी आधी भरपाईत हात मारला होता. २०१८ मध्ये त्यांच्या फीवर २० टक्क्यांची मर्यादा आली. मग नवी जमात आली, भरपाईवरचा कर परत मिळवून देणारी. फोनवर जाहिरात दिसायची, नाव-पत्ता भरा, बोटाने सही करा. त्या सहीने कर परताव्याचा हक्कच कंपनीच्या नावावर व्हायचा. परतावा कंपनीकडे जायचा, ती आपला मोठा वाटा कापून उरलेलं पाठवायची. काहींचे दुसऱ्याच कारणाने आलेले परतावेही त्याच वाटेने गेले. अखेर मार्च २०२३ पासून सरकारने असं हक्काचं हस्तांतर कायद्याने रद्दबातल ठरवलं. चांगलं केलं. पण या कंपन्या उगवल्या कशामुळे, हा प्रश्न सरकारने स्वतःला विचारला नाही. जे देणं लागत नाहीत त्यांच्याकडून आधीच घेतलं नसतं, तर परत मिळवून देणाऱ्यांचा धंदा चाललाच नसता.

"कायदा म्हणजे कायदा, व्याज ते व्याज," असं म्हणणारे माझ्या व्यवसायात पुष्कळ आहेत. त्यांना मी ब्रिटनचाच कायदा दाखवतो. शारीरिक इजेच्या नुकसानभरपाईवर न्यायालय जे व्याज देतं, ते इथे प्राप्तिकरातून मुक्त आहे. इक्विटेबल लाइफ ही विमा संस्था डबघाईला आल्यावर तिच्या पॉलिसीधारकांना सरकारने २०११ पासून जी रक्कम दिली, ती करमुक्त होती. पोस्ट ऑफिसच्या होरायझन संगणक प्रणालीतल्या चुकांमुळे शेकडो सब-पोस्टमास्तरांवर चोरीचा आळ आला. त्यांतल्या ज्यांच्या शिक्षा रद्द झाल्या त्यांच्या भरपाईला प्राप्तिकरातून सूट मिळाली. दुसऱ्या योजनेतल्या पोस्टमास्तरांना रक्कम एकगठ्ठा मिळाल्यामुळे जास्त कर बसतो आहे हे दिसल्यावर २०२३ मध्ये सरकारने ती तूट वरून भरून द्यायचं ठरवलं. म्हणजे भरपाईतलं व्याज ही कमाई नव्हे आणि अनेक वर्षांची भरपाई एका वर्षात मिळाली तर कर अन्यायाने वाढतो, ही दोन्ही तत्त्वं या देशाला मान्य आहेत. ज्यांच्या कहाणीवर टीव्ही मालिका निघते त्यांच्यासाठी ती लवकर आठवतात, एवढाच फरक.

या बाबतीत मुंबईने लंडनला काही शिकवावं अशीही सोय आहे. मोटार अपघाताच्या भरपाईवर मिळणाऱ्या व्याजाचा वाद मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा २०१९ मध्ये न्यायालयाने म्हटलं की, दावा दाखल झाल्यापासून निकालापर्यंतचं व्याज हा भरपाईचाच भाग आहे, ते करपात्र उत्पन्न नव्हे. २०२६ च्या अर्थसंकल्पात तर अपघात दावा न्यायाधिकरणाने व्यक्तीला दिलेल्या व्याजाला पूर्ण करमाफी द्यायची आणि त्यावरची कपातही बंद करायची घोषणा झाली. इतर भरपाईच्या व्याजावर भारतात मिळालेल्या वर्षी कर लागतो, पण निम्मं व्याज वजा होतं. हा तोडगा परिपूर्ण नाही. तरी भरपाईचं व्याज आणि मुदत ठेवीचं व्याज एकाच पंगतीत बसवू नये, एवढं भान त्यात आहे.

भारतातल्या वाचकाने हे परदेशचं रडगाणं म्हणून सोडून देऊ नये. पुण्यात माझ्या भाच्याने गृहकर्ज काढलं तेव्हा मंजुरीपत्राबरोबर विम्याचा कागद आला. प्रीमियम एकरकमी, कर्जातच मिळवलेला आणि त्यावर वीस वर्षं गृहकर्जाच्या दराने व्याज. "मामा, सगळ्यांचं असंच असतं," तो म्हणाला. ताईंना काउंटरवरच्या मुलीने हेच सांगितलं होतं. विमा नको असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने ती परत केली. ज्यांचे ते दिवस उलटून गेले आहेत ते उद्या ग्राहक आयोगात जातील, काहींना पैसे व्याजासकट परत मिळतील आणि हाच प्रश्न तिथेही उभा राहील.

तर कर लागतो का, या प्रश्नाचं माझं उत्तर असं. आजच्या कायद्याने प्रीमियमवर नाही, त्यावरच्या कर्जाच्या व्याजावर नाही, ८ टक्क्यांवर आहे. कायदा असा असावा का, तर नसावा. नियामक संस्थेच्या किंवा वित्तीय लोकपालाच्या आदेशाने व्यक्तीला मिळालेल्या भरपाईतलं व्याज करमुक्त करायला हवं. इजेच्या भरपाईसाठी जी सूट आहे तिच्याच शेजारी कायद्यात आणखी एक ओळ घालायची आहे.

तेवढी हिंमत ब्रिटिश अर्थमंत्र्यांकडे नसेल, तर निदान मोटार कर्जांची भरपाई वाटली जायच्या आत तीन गोष्टी करा. उगमाशी होणारी कपात बंद करा. बचत खात्यांच्या व्याजाची माहिती बँका दर वर्षी प्राप्तिकर खात्याला कळवतात आणि खातं त्यावरून लोकांचा कर आपोआप ठरवतं. तीच यंत्रणा भरपाईसाठी वापरा, म्हणजे जो देणं लागतो तो देईल आणि ताईंसारख्यांना फॉर्म भरावा लागणार नाही. दुसरं, अनेक वर्षांचं व्याज त्या त्या वर्षांवर वाटून हिशेब करायची मुभा द्या. तिसरं, प्रत्येक पत्रात प्रीमियम, कर्जाचं व्याज, भरपाईचं व्याज आणि कर हे चार आकडे वेगळे छापायची सक्ती करा आणि त्याखाली साध्या भाषेत लिहा की, हा कर तुम्हाला परत मिळू शकतो.

ताईंचे ३८४ पौंड त्यांना परत मिळाले, कारण त्यांनी मंडळात कुणाला तरी विचारलं आणि त्या कुणीतरीने त्यांना माझ्याकडे पाठवलं. करव्यवस्था अशा योगायोगावर चालता कामा नये. ब्रिटनमध्ये ज्यांचे भाऊ-बहीण, मुलं-सुना आहेत, त्यांनी आजच फोन करून दोन प्रश्न विचारावेत. गाडी कर्जावर घेतली होती का? आणि गेल्या चार वर्षांत बँकेकडून कसली भरपाई आली होती का? आली असेल तर पत्र शोधा, त्यात 'वजा कर' अशी ओळ आहे का पाहा आणि आर-४० स्वतः भरा. तो फॉर्म फुकट आहे. त्यासाठी कुणालाही टक्केवारी देऊ नका, मलासुद्धा नाही.